सभेची जागा टपाल घेऊ शकते का? वडाळा कमोडिटीज–गोदरेज इंडस्ट्रीज प्रकरणाचा अभ्यास

८ मे २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी वडाळा कमोडिटीज लिमिटेड ही कंपनी गोदरेज इंडस्ट्रीज लिमिटेडमध्ये विलीन करण्याच्या योजनेसंबंधीच्या अर्जावर निर्णय दिला. विलीनीकरण हिताचे आहे की नाही, शेअरांचे विनिमय प्रमाण (एका कंपनीच्या किती शेअरांमागे दुसरीचे किती शेअर मिळणार) रास्त आहे की नाही, यांपैकी काहीही त्या दिवशी ठरायचे नव्हते. योजनेला भागधारकांची संमती घेण्यासाठी प्रत्यक्ष सभा भरवावी लागेल, की टपाली मतदान आणि त्यातच मोडणारे इलेक्ट्रॉनिक मतदान घेऊन सभा पूर्णपणे वगळता येईल, एवढाच प्रश्न न्यायालयापुढे होता. असे प्रश्न कार्यपद्धतीचे मानले जातात आणि कार्यपद्धती वकिलांनी पाहून घ्यावी, असे समजून सर्वसामान्य भागधारक त्यांच्याकडे लक्ष देत नाही. या प्रकरणात मात्र त्याच भागधारकाच्या हातातली एक मोलाची गोष्ट जाते की राहते, हे ठरत होते. ती गोष्ट म्हणजे कंपनी चालवणाऱ्यांना समोरासमोर, इतर भागधारकांच्या देखत, प्रश्न विचारण्याचा हक्क.

हा निर्णय समजून घ्यायचा तर न्यायालयाच्या देखरेखीची रचना आधी पाहावी लागते. २०१४ साली नवा, म्हणजे २०१३ चा, कंपनी कायदा अंशतः लागू झाला होता, परंतु योजना आणि विलीनीकरण यांविषयीची त्यातली कलमे अद्याप लागू व्हायची होती. त्यामुळे १९५६ च्या कायद्यातली कलमे ३९१ ते ३९४ आणि त्यांना जोडून असलेले १९५९ चे कंपनी न्यायालय नियम यांनुसारच काम चाले. या व्यवस्थेत कंपनीला न्यायालयाची पायरी दोनदा चढावी लागे. पहिल्या वेळी कंपनी ‘समन्स फॉर डायरेक्शन’ काढून सभा भरवण्याचे निर्देश मागत असे. सभा झाल्यावर दुसऱ्या वेळी योजनेला मंजुरी मागणारी याचिका दाखल होत असे. वर्तमानपत्रांत बातमी येते ती बहुधा दुसऱ्या टप्प्याची, कारण विलीनीकरण तेव्हा पक्के होते. न्यायालयाची खरी पकड मात्र पहिल्या टप्प्यावर बसते. तिथे घालून दिलेली चौकट सदोष असेल, तर दुसऱ्या टप्प्यावर समोर येणारा कौलच अपुरा असतो आणि त्यावरून काहीही ताडून पाहणे कठीण होते.

पहिल्या टप्प्यावर न्यायालय काय काय ठरवत असे, हे नियमांत बारकाईने लिहिलेले आहे. सभा कोठे आणि केव्हा भरेल, अध्यक्ष कोण असेल, गणपूर्ती किती लागेल, सूचना कशी पाठवायची आणि कोणत्या वर्तमानपत्रांत द्यायची, अध्यक्षाने अहवाल किती दिवसांत द्यायचा, हे सारे न्यायाधीशाच्या आदेशात येई. सूचनेला पूर्ण एकवीस दिवस द्यावे लागत. सूचनेसोबत योजनेचे परिणाम आणि संचालकांचे तिच्यातले हितसंबंध सांगणारे स्पष्टीकरणात्मक निवेदन जोडावे लागे. सूचना खरोखर पाठवल्या आणि छापल्या गेल्या, असे प्रतिज्ञापत्र अध्यक्षाला सभेच्या किमान सात दिवस आधी दाखल करावे लागे. मुंबईच्या कंपन्यांच्या बाबतीत या सूचना ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये इंग्रजीतून आणि ‘नवशक्ति’मध्ये मराठीतून देण्याचे आदेश इतक्या वेळा निघाले आहेत की ते दोन अंक चाळण्याची सवय असलेल्या वाचकाला त्या जाहिरातींचा साचा पाठ असतो : बारीक टाइप, वर न्यायालयाचे नाव, मध्ये कलमांचे आकडे आणि खाली सभेचे ठिकाण, तारीख, वेळ. या जाहिराती बहुतेक जण न वाचताच पान उलटतात. परंतु आपल्या कंपनीचे अस्तित्व संपणार असल्याची वार्ता मराठी भागधारकाला त्याच्या भाषेत, कायद्याच्या आदेशानुसार, मिळण्याची ती एक जागा आहे.

मतदानाची कसोटीही साध्या ठरावापेक्षा कडक आहे. सभेत उपस्थित राहून किंवा प्रतिपत्रीमार्फत (आपल्या वतीने नेमलेल्या प्रतिनिधीमार्फत, म्हणजे ‘प्रॉक्सी’मार्फत) मत देणाऱ्यांपैकी डोक्यांच्या संख्येने बहुसंख्य लोक योजनेच्या बाजूने असावे लागतात आणि त्या लोकांकडच्या शेअरांचे मूल्य मतदानात आलेल्या एकूण मूल्याच्या तीन चतुर्थांश असावे लागते. एकशे वीस जणांनी मत दिले, त्यांतले सत्तर बाजूने आहेत, परंतु त्यांच्याकडे साठ टक्केच मूल्य आहे, तर योजना नामंजूर. पन्नास जण बाजूने आहेत, त्यांच्याकडे नव्वद टक्के मूल्य आहे, तरीही नामंजूर. ही दुहेरी अट इंग्लंडच्या १८७० च्या कायद्यातून, म्हणजे धनकोंच्या तडजोडींसाठी केलेल्या कायद्यातून, आपल्याकडे आली. मोठ्या भागधारकाचे वजन मान्य करायचे, पण लहान भागधारकांची संख्या केवळ शोभेची ठरू द्यायची नाही, हा तिचा हेतू आहे. शिवाय १९५९ च्या नियमांनुसार हा कौल हात वर करून घेता येत नसे. मतपत्रिकेनेच मोजणी व्हावी लागे, कारण कोणी किती मूल्याचे मत दिले हे न्यायालयाला कळायला हवे.

आता दुसरा धागा. छोट्या भागधारकाला मतदान सोपे व्हावे म्हणून २००० साली १९५६ च्या कायद्यात कलम १९२-क घालून टपाली मतदान आणले गेले. ही सुधारणा निःसंशय गरजेची होती. चंद्रपूर किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या निवृत्त शिक्षकाने पन्नास शेअरांसाठी एक दिवसाचा प्रवास करून मुंबईत सभेला यावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे, आणि पूर्वी त्याच्यापुढे दोनच पर्याय असत : प्रतिपत्री नेमायचा किंवा गप्प राहायचे. ४ फेब्रुवारी २०१३ रोजी शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने परिपत्रक काढून सूचिबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांच्या योजनांसाठी टपाली मतदान आणि ई-मतदान यांद्वारे विशेष ठराव आवश्यक केला. प्रवर्तक (कंपनीवर नियंत्रण असणारे मूळ मालक) सोडून इतर, म्हणजे सार्वजनिक भागधारकांची बाजूची मते विरोधी मतांच्या किमान दुप्पट असावीत, अशी अटही घातली. २१ मे २०१३ च्या दुसऱ्या परिपत्रकाने ही गरज ठरावीक प्रकारच्या योजनांपुरती आणली आणि दुपटीऐवजी साधे आधिक्य पुरेसे केले. पुढे १ एप्रिल २०१४ पासून नव्या कायद्याचे कलम ११० लागू झाले. त्यानुसार काही कामे टपाली मतदानानेच करायची आणि इतर बरीचशी तशी करण्याची मुभा कंपनीला मिळाली. १७ एप्रिलला सेबीने सूचिबद्धता करारातही (कंपनी आणि शेअर बाजार यांच्यातल्या करारातही) ई-मतदानाची तरतूद आणली. तीन आठवड्यांनी आपला निर्णय आला.

या तरतुदी एकमेकींशेजारी ठेवल्या की त्यांतून निघणारा युक्तिवाद उघड आहे. टपालाने किंवा संगणकावरून प्रत्येक भागधारक मत देऊ शकतो, कायदाच तसे मतदान घ्यायला सांगतो, सभागृहात जेमतेम काही लोक येतात. मग न्यायालयाने सभा भरवण्याचे निर्देश द्यायचे कशासाठी? खर्च वाचेल, वेळ वाचेल आणि उलट अधिक लोकांचे मत नोंदले जाईल. हा युक्तिवाद लबाडीचा नाही. सहभाग वाढवणे हाच ज्याचा हेतू, त्या कायद्यातूनच तो निघतो, म्हणून त्याला उत्तर देणे अवघड होते.

न्यायमूर्ती पटेल यांनी उत्तर देताना मत म्हणजे काय, इथून सुरुवात केली. मत हे एका विचाराचे प्रकटीकरण आहे, ते माहितीवर आधारलेले असले पाहिजे आणि तशा निर्णयाला संवाद आणि चर्चा यांचा पाया लागतो, अशी त्यांची मांडणी होती. भागधारकाचा हक्क केवळ बटण दाबण्याचा किंवा चौकटीत खूण करण्याचा नाही. प्रश्न विचारणे, शंका मांडणे, व्यवस्थापनाकडून खुलासा मागणे आणि आपल्या म्हणण्याने इतरांचे मत वळवण्याचा प्रयत्न करणे, हे सारे त्या हक्कात येते. एकच शेअर असलेला माणूसही उठून बोलू शकतो आणि त्याच्या एका प्रश्नाने सभागृहातल्या अनेकांचे मत बदलू शकते. टपालाने मत पोहोचते, हे खरे. तो प्रश्न मात्र टपालाने पोहोचत नाही आणि पोहोचला तरी दुसऱ्या भागधारकाच्या कानावर पडत नाही.

निर्णयाचा गाभा तीन भागांत सांगता येतो. पहिला असा की प्रत्यक्ष सभा वगळून केवळ टपाली किंवा इलेक्ट्रॉनिक मतदान सक्तीचे करणाऱ्या तरतुदी न्यायालयाच्या आदेशाने भरणाऱ्या सभांना लागू होत नाहीत. अशा सभांसाठी टपाली मतदान आणि ई-मतदान यांची सोय करावीच लागेल, पण सभेला जोड म्हणून. सभेच्या जागीही ई-मतदानाची व्यवस्था असली पाहिजे, आणि ज्याने आधीच टपालाने किंवा दुरून मत दिले आहे त्याला सभेत येता येईल, भाग घेता येईल, मात्र दुसऱ्यांदा मत देता येणार नाही. दुसरा भाग असा की कलम ११० आणि सेबीची परिपत्रके प्रत्यक्ष सभेला पूर्णपणे बाजूला सारणारे मतदान सक्तीचे किंवा ऐच्छिक करू पाहतात तेवढ्या मर्यादेत त्यांचा अर्थ आणि परिणाम यांचा अधिक सखोल विचार व्हायला हवा. आणि तिसरा भाग म्हणजे तो विचार पूर्ण होईपर्यंत सभा वगळून केवळ टपाली मतदान घेण्याचा आग्रह कोणी धरू नये. शेवटच्या दोन भागांचा पल्ला न्यायालयाच्या आदेशाने भरणाऱ्या सभांच्या पलीकडे, कंपन्यांच्या नेहमीच्या सभांपर्यंत जाणारा होता, आणि त्यामुळेच त्या उन्हाळ्यात कंपनी सचिवांच्या वर्तुळात या निर्णयाची इतकी चर्चा झाली.

इथे थांबून त्या वेळच्या ई-मतदानाच्या नियमाचा एक तपशील जवळून पाहावा, कारण त्यातून निर्णयाची निकड लक्षात येते. २०१४ च्या मूळ नियमात ई-मतदानाचा काळ किमान एक आणि जास्तीत जास्त तीन दिवसांचा होता आणि ते मतदान सर्वसाधारण सभेच्या तीन दिवस आधी संपवायचे होते. म्हणजे सभा भरली तरी ई-मतदाराने आपला निर्णय तिच्या किमान तीन दिवस आधीच देऊन टाकलेला असे. मूल्यनिर्धारण करणाऱ्याने अमुक वर्षांचाच नफा का धरला, जमिनीची किंमत हिशेबात कशी आली, प्रवर्तकांच्या दुसऱ्या कंपनीचे कर्ज विलीनीकरणानंतर कोणाच्या माथी येणार, हे प्रश्न सभेत निघाले आणि संचालकांची उत्तरे समाधानकारक नसली, तरी दिलेले मत मागे घेण्याची सोय नव्हती. मार्च २०१५ मध्ये हा नियम बदलला. दुरून मतदान किमान तीन दिवस खुले ठेवून सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला संपवायचे, ज्यांनी मत दिलेले नाही त्यांच्यासाठी सभास्थानी मतदानाची सोय ठेवायची आणि आधी मत दिलेल्याला सभेत येऊ द्यायचे, पण पुन्हा मत देऊ द्यायचे नाही, असे नव्या नियमात आले. मुंबईच्या निर्णयातली व्यवस्था आणि हा नियम शेजारी ठेवले, तर त्यांचे साम्य कोणालाही दिसेल.

निर्णयाच्या बाजूने आणखी एक मुद्दा मांडता येतो. तो माझा आहे, निर्णयातला म्हणून सांगत नाही. आपल्या कंपनी कायद्यात प्रतिपत्रीला मतपत्रिकेवर मत देता येते, परंतु सभेत बोलण्याचा हक्क नसतो. १९५६ च्या कायद्यात हे कलम १७६ मध्ये होते, २०१३ च्या कायद्यात ते कलम १०५ मध्ये आहे. याचा अर्थ मत आणि वाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कायद्याला पूर्वीपासून ठाऊक आहे. मत दुसऱ्याच्या हाती सोपवता येते, वाणी सोपवता येत नाही. ती सदस्याने, म्हणजे भागधारकाने, स्वतः उपस्थित राहूनच वापरायची असते. मग सभाच काढून टाकली तर मताचे सर्व मार्ग शाबूत राहतात आणि वाणीचा एकमेव मार्ग बंद होतो. ‘सगळ्यांना मत देता येते, मग गेले काय’ असे विचारणाऱ्याला हे उत्तर आहे.

सभेत नेमके काय घडते, याची कल्पना नसलेल्या वाचकाला हा सारा आग्रह भावनिक वाटू शकेल. म्हणून अध्यक्षाच्या अहवालाचा नमुना पाहावा. १९५९ च्या नियमांत तो नमुना क्रमांक ३९ होता. त्यात अध्यक्ष किती सदस्य स्वतः आले, किती प्रतिपत्रीमार्फत आले, त्यांच्या शेअरांचे मूल्य किती, बाजूने कोण आणि विरोधात कोण, हे सांगतो. आकड्यांच्या आधी मात्र त्या नमुन्यात एक वाक्य आहे : योजना मी सभेपुढे वाचून दाखवली आणि समजावून सांगितली, आणि सदस्यांना ती मान्य आहे का, हा प्रश्न सभेपुढे ठेवला. हे वाक्य लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर माणसांनी भरलेली खोली होती. वाचून दाखवायला ऐकणारे लागतात आणि समजावून सांगायला न समजलेले विचारणारे लागतात. सभा वगळून केवळ टपाली मतमोजणीचा तक्ता न्यायालयात आणला, तर अध्यक्षाने हे वाक्य कोणत्या आधारावर लिहावे?

दुसऱ्या टप्प्यावर न्यायालय काय पाहते, याचाही या प्रश्नाशी सरळ संबंध आहे. मफतलाल इंडस्ट्रीजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्याची चौकट स्पष्ट केली. वैधानिक कार्यपद्धती पाळली गेली का, आवश्यक बहुमत मिळाले का, मतदारांपुढे जाणता निर्णय घेण्याइतकी माहिती होती का, बहुमताने आपल्या वर्गाच्या हिताशी प्रामाणिक राहून मत दिले का, योजना कायद्याच्या आणि सार्वजनिक धोरणाच्या विरोधात नाही ना, हे न्यायालय तपासते. भागधारकांच्या व्यावसायिक शहाणपणावर ते अपील ऐकत बसत नाही. त्याच्या दोन वर्षे आधी, टाटा ऑइल मिल्स (टॉमको) हिंदुस्तान लिव्हरमध्ये विलीन होताना, टॉमकोच्या पंधरा शेअरांमागे लिव्हरचे दोन शेअर या प्रमाणावर वाद झाला, तेव्हाही सर्वोच्च न्यायालयाने भागधारकांच्या प्रचंड बहुमताला मोठे वजन दिले होते. न्यायालय स्वतःचा हात आखडता घेते तो भागधारकांनी विचार करून कौल दिला आहे, या विश्वासावर. हा विश्वास जितका मोठा, तितकी तो कौल तयार होण्याची प्रक्रिया खरी असली पाहिजे. मंजुरीच्या वेळी ‘भागधारकांनी ठरवले आहे’ असे म्हणायचे असेल, तर निर्देशांच्या वेळी त्यांना ठरवण्यासाठी एकत्र येऊ देणे क्रमप्राप्त आहे. या दोन टप्प्यांमधला हा दुवा मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

केवळ आकड्यांवर विसंबण्यातला धोका हाँगकाँगमध्ये २००९ साली उघड झाला होता. तिथली पीसीसीडब्ल्यू ही दूरसंचार कंपनी योजनेद्वारे शेअर बाजारातून काढून खासगी मालकीत घ्यायची होती आणि डोक्यांच्या संख्येची अट तिथेही होती. सभेच्या आधी शेकडो लोकांच्या नावे एक-एक हजार शेअर चढवले गेल्याचे नोंदवहीवरून दिसून आले. ४ फेब्रुवारीच्या सभेत आकड्यांची अट पूर्ण झाली, पहिल्या न्यायालयाने मंजुरीही दिली. अपील न्यायालयाने मात्र ती रद्द केली आणि मतांची अशी फेरफार हा अप्रामाणिकपणाच आहे, न्यायालय त्याला मंजुरी देऊ शकत नाही, असे स्पष्ट म्हटले. तिथली फसगत सभा असूनही झाली, हे मान्य. तरीही कोण आले, कोणाच्या नावावर केव्हा शेअर आले आणि मते कशी पडली, हे तपासण्याची वाट मोकळी राहिली ती न्यायालय एकूण बेरजेच्या मागे जायला तयार होते म्हणून.

या निर्णयावरच्या आक्षेपांपैकी एक मला गंभीर वाटतो. सभेत बोलणारे आणि मतदान ठरवणारे लोक वेगळे असतात, असे टीकाकार म्हणतात. म्युच्युअल फंड, विमा कंपन्या आणि परदेशी गुंतवणूकदार सभेत येत नाहीत, ते सल्लागार संस्थांचे अहवाल वाचून आधीच ई-मत देतात, आणि सभेतली चर्चा उरलेल्या मूठभरांपुरती राहते. वस्तुस्थिती म्हणून हे बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु संस्थांना व्यवस्थापनाशी स्वतंत्र बैठका मिळतात, त्यांच्या प्रश्नांना विश्लेषकांच्या परिषदांत उत्तरे मिळतात. ज्याला दुसरी कोणतीही जागा नाही, त्याच्यासाठीच सभा आहे. मोठ्यांना तिची गरज नाही म्हणून लहानांकडून ती काढून घ्यावी, हा निष्कर्ष त्या वस्तुस्थितीतून निघत नाही. शिवाय संचालकांनी जाहीरपणे दिलेले उत्तर पुढे मंजुरीच्या सुनावणीत हरकत घेणाऱ्याच्या उपयोगी पडते.

दुसरा आक्षेप ‘प्रत्यक्ष’ या शब्दावर आहे, आणि काळाने तो अधिक टोकदार केला. सभा म्हणजे एकाच छपराखाली जमणे, असा अर्थ धरायचा का? इंग्लंडमध्ये लंडन लाइफ या विमा संस्थेच्या १९८८ च्या सभेवरून हा वाद झाला होता. बार्बिकन केंद्राच्या चित्रपटगृहात सभा बोलावली, माणसे मावेनात, बाहेरच्यांसाठीची दृक्‌श्राव्य जोडणी नीट चालेना, आणि अध्यक्षांनी सभा त्याच दुपारी कॅफे रॉयल येथे तहकूब केली. अपील न्यायालयाने सभा अनेक खोल्यांत, परस्परांना पाहता-ऐकता येण्याच्या सोयीसह भरू शकते हे मान्य केले, पण त्या तहकुबीमुळे अनेक सदस्य दुपारी येऊ शकले नाहीत म्हणून ती अवैध ठरवली. या कसोटीवर छप्पर गौण ठरते. एकाचे बोलणे दुसऱ्याला त्याच वेळी ऐकू येते का आणि त्यावर बोलता येते का, हे मुख्य. मुंबईच्या निर्णयाचा गाभाही याच कसोटीवर वाचावा, असे मला वाटते. त्यातला विरोध तंत्रज्ञानाला नव्हता. उलट, सभेच्या जागीही इलेक्ट्रॉनिक मतदान ठेवा, असे त्यात बजावलेले आहे.

नंतरच्या घडामोडी थोडक्यात सांगतो. १७ जून २०१४ रोजी केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने परिपत्रक काढून ई-मतदानाची सक्ती वर्षअखेरपर्यंत पुढे ढकलली. २०१७ च्या दुरुस्तीने कलम ११० मध्ये अशी भर पडली की टपालानेच करावयाची कामे, ज्या कंपनीला ई-मतदानाची सोय देणे बंधनकारक आहे तिला सर्वसाधारण सभेतही करता येतील. १५ डिसेंबर २०१६ पासून योजनांची देखरेख उच्च न्यायालयांकडून राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे गेली आणि नव्या कायद्याचे कलम २३० लागू झाले. डोक्यांची आणि मूल्याची दुहेरी अट त्यात कायम आहे. सूचना आता एक महिना आधी द्यावी लागते आणि एका इंग्रजी व एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात जाहिरात द्यावी लागते, म्हणजे महाराष्ट्रात मराठी सूचनेला नियमाचाच आधार मिळाला. सभा माफ करण्याची तरतूद त्या कलमात धनकोंच्या सभेपुरती, नव्वद टक्के मूल्याच्या धनकोंनी प्रतिज्ञापत्रावर संमती दिल्यास, लिहिलेली आहे. मात्र एक दार अरुंद झाले. योजनेला हरकत घेण्याचा हक्क आता किमान दहा टक्के शेअर किंवा पाच टक्के थकीत कर्ज असणाऱ्यांनाच आहे. मोठ्या सूचिबद्ध कंपनीत दहा टक्के म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची गोष्ट. पूर्वी सभेत ऐकले न गेलेल्याला न्यायालयात उभे राहता येई. आता त्याच्यासाठी सभा हीच बहुधा पहिली आणि शेवटची जागा आहे, आणि म्हणून २०१४ चा निर्णय आज अधिकच लागू पडतो.

करोनाच्या काळात, एप्रिल २०२० पासून, सभा दृक्‌श्राव्य माध्यमातून घेण्याची मुभा मिळाली आणि न्यायाधिकरणाच्या आदेशाने भरणाऱ्या सभाही पडद्यावर आल्या. चंद्रपूरच्या त्या शिक्षकाला यामुळे प्रथमच घरबसल्या संचालकांचे बोलणे ऐकता आले, हा मोठा लाभ आहे. पण अनेक सूचनांमध्ये बोलू इच्छिणाऱ्याने काही दिवस आधी ई-मेलने ‘वक्ता’ म्हणून नाव नोंदवावे, अशी अट असते. सभेत संचालकांचे निवेदन ऐकल्यावर ज्याच्या मनात प्रश्न आला, त्याने आधी नाव दिलेले नसेल तर त्याचा मायक्रोफोन बंदच राहतो. त्याला ऐकू येते, दिसते, मतही देता येते, बोलता मात्र येत नाही.

निर्देशांच्या टप्प्यावर यावर उपाय आहे आणि त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. योजनांसंबंधीच्या २०१६ च्या नियमांनुसार, न्यायाधिकरणाने वेगळी मुदत घातली नसेल तर, सभेच्या अध्यक्षाला आता तीन दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्या अहवालाच्या नमुना सीएए-४ मध्ये जुन्या नमुन्यातले ते वाक्य, योजना वाचून दाखवली आणि समजावून सांगितली हे, जवळपास जसेच्या तसे आले आहे. त्याच्या खाली उपस्थितांचे, बाजूचे आणि विरोधाचे आकडे येतात. कोणते प्रश्न विचारले गेले आणि त्यांना काय उत्तर मिळाले, यासाठी त्या नमुन्यात एक ओळही नाही. सभेचे निर्देश देताना आवश्यक वाटेल त्या अन्य बाबी ठरवण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला नियम ५ देतो. नाव आधी नोंदवले नसले तरी सभेत बोलू द्यावे, आणि विचारलेले प्रश्न व दिलेली उत्तरे अध्यक्षाने अहवालासोबत जोडावीत, अशी दोन वाक्ये निर्देशांच्या आदेशात घालता येतील. मंजुरीच्या याचिकेवर बसणाऱ्या न्यायाधिकरणाच्या सदस्यांपुढे मग मतांच्या बेरजेबरोबर त्या सभेत झालेले बोलणेही येईल.